पंधरा पाऊणे सव्वाअकरा : नील बेटाच्या सहलीचे पाच दिवस

आईचे माहेर रेवदंड्याचे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथून तिचे घर हाकेच्या अंतरावर होते. भरती-ओहोटीच्या वेळा तिला घड्याळापेक्षा आधी कळत असत, आणि तरीही वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत ती समुद्रात गुडघ्याच्या वर कधी उतरली नव्हती. कोकणातल्या तिच्या पिढीच्या बहुतेक बायकांची हीच गोष्ट आहे. समुद्र रोजच्या बघण्यात होता, मासळी त्यातूनच येत होती, नारळी पौर्णिमेला त्याची पूजाही होत होती, परंतु पोहणे हे मुलग्यांचे काम समजले जाई. त्यातून आमच्याकडचे पाणी गाळाने गढूळलेले असते, त्यामुळे पाण्याखाली बघण्यासारखे काही असते हा विचारही कोणाच्या मनात येत नसे. मागच्या दिवाळीत तिने सहज विचारले, ‘पाण्याच्या आतले दिसते तरी कसे गं?’ तिच्या त्या प्रश्नासाठी मी अंदमानातील नील बेट निवडले, कारण लाटांचा मार नसलेला, कंबरभर पाण्यातच प्रवाळ सुरू होणारा आणि पोहणे न येणाऱ्या माणसालाही मास्क लावून तरंगता येईल असा किनारा आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे.

पहिला दिवस : श्री विजयपुरम

चेन्नईहून निघालेले विमान दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरले. २०२४ च्या सप्टेंबरात या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले असले तरी रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. दुपारी आम्ही सेल्युलर जेल पाहिला. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहायला मराठी माणसांची रांग होती. आई त्या कोठडीत काही न बोलता बराच वेळ उभी राहिली, आणि बाहेर आल्यावर गच्चीवरून दिसणाऱ्या निळ्या पाण्याकडे पाहून एवढेच म्हणाली, ‘यालाच काळे पाणी म्हणत होते.’ त्या जागेविषयी लिहायचे तर स्वतंत्रच लिहिले पाहिजे, म्हणून इथे थांबते.

संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य मावळला. आपले प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेले आहे आणि ही बेटे त्र्याण्णव अंशांच्या आसपास आहेत, त्यामुळे इथला दिवस आपल्याला फार लवकर उगवल्यासारखा आणि लवकर संपल्यासारखा वाटतो. ही गोष्ट पुढे भरतीच्या हिशेबातही आमच्या कामी आली. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथे पोहण्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि दुपारी चारनंतर पाण्यात उतरण्याचा बेत शक्यतो करू नये.

दुसरा दिवस : जेटीवरून दिसलेले पाणी

माघी पौर्णिमा. सकाळी साडेसहाची फेरी पकडली. नील बेट श्री विजयपुरमपासून सुमारे ३७ किलोमीटरवर आहे आणि सरकारी बोटीला तिथे पोहोचायला दोन तास लागतात. फेब्रुवारीतला समुद्र शांत होता, तरी आईने सवयीने लिंबू जवळ ठेवले होते. बेटाचे नाव २०१८ च्या डिसेंबरात शहीद द्वीप झाले. आधीचे नाव १८५७ च्या उठावात अलाहाबाद-कानपूर भागात निर्घृण सूड उगवणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचे होते, हे कळल्यावर ते बदलणे योग्यच झाले असे मला वाटले. बेटावरची गावे मात्र रामायणातली आहेत : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना इथे वसवण्यात आले. त्यांनी जंगल साफ करून भातशेती आणि भाजीपाला उभा केला, आणि आज श्री विजयपुरमच्या बाजारातली बरीचशी भाजी याच बेटावरून जाते.

बोट जेटीला लागत होती तेव्हा डाव्या हाताला भरतपूरचा किनारा दिसला. भरती होती. पांढऱ्या वाळूपासून सुरू होणारे पाणी आधी काचेसारखे बिनरंगी, मग फिकट हिरवे, मग मोरपंखी आणि दूर एका रेषेपाशी एकदम गडद निळे होत गेले होते. त्या रेषेवर फेसाची एक बारीक पांढरी किनार होती आणि तिच्या अलीकडच्या साऱ्या पाण्यावर एक लाट म्हणून नव्हती. आई कठड्याला धरून उभी होती. ‘एवढे पाणी आणि आवाज नाही,’ ती म्हणाली. रेवदंड्याच्या समुद्राचा आवाज गावात झोपल्या जागी ऐकू येतो. तिला शांतता विचित्र वाटत होती.

खोलीत सामान टाकून, जेवून आणि थोडे आडवे होऊन आम्ही साडेतीनला किनाऱ्यावर गेलो, तर सकाळचे पाणी तिथे नव्हतेच. जिथे मोरपंखी रंग होता तिथे काळपट-तपकिरी खडकांचे पठार उघडे पडले होते, मध्ये मध्ये डबकी साचली होती आणि खरे पाणी लांब त्या फेसाच्या रेषेपाशी जाऊन बसले होते. माझा हिरमोड झाला. आईचा नाही. ती वाळूत बसली, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, ‘पंधरा पाऊणे सव्वाअकरा. आज पौर्णिमा, म्हणजे भरती सव्वाअकराला पाहिजे होती आणि ओहोटी सव्वापाचला. मग आत्ताच कसे सुकले?’

आमच्याकडची ही जुनी रीत आहे : तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. ढोबळ हिशेब आहे, पण मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी जुळतो. इथे तो जवळजवळ दोन तासांनी चुकत होता. शहाळी विकणाऱ्या बाईंच्या टपरीवर एका पुठ्ठ्यावर खडूने त्या दिवसाच्या वेळा लिहिल्या होत्या : भरती सव्वानऊ, ओहोटी साडेतीन. रात्री खोलीत बसून आम्ही दोघींनी त्याचा उलगडा केला. अंदमान रेवदंड्याच्या पूर्वेला जवळपास वीस अंश आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे धरली तर तिथे चंद्र आपल्यापेक्षा सव्वा तासाहून अधिक आधी माथ्यावर येतो. उरलेला फरक त्या-त्या किनाऱ्याच्या ठेवणीचा, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर भरती किती वेळाने भरेल हे प्रत्येक जागी वेगळे असते. रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकणे मात्र सगळीकडे तेच. म्हणजे आईची रीत खोटी नव्हती, तिचा आरंभबिंदू रेवदंड्याचा होता. इथला आरंभबिंदू सव्वानऊ धरून तिने पुढच्या तिन्ही दिवसांच्या वेळा कॅलेंडरच्या मागे लिहून काढल्या, आणि आमचा मुक्काम त्या कागदावर चालला.

हे मी विस्ताराने सांगते आहे, कारण भरतपूरला येऊन ‘इथे काहीच नाही, नुसते खडक आहेत’ असे म्हणत परत जाणारी माणसे आम्ही रोज पाहिली. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास इथल्या पाण्याची पातळी दोन मीटरांच्या आसपास वर-खाली होते. किनारा उथळ असल्याने तेवढ्यात सगळे चित्र पालटते. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढीच स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याखाली बघत तरंगण्याची, खरी वेळ आहे.

संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त पाहिला. तिथली वाळू रुंद आणि शंखशिंपल्यांनी भरलेली आहे. आईने देवघरासाठी तळहाताएवढा एक सुरेख शंख उचलला. रिकामा वाटत होता. तिने तो हातावर ठेवून निरखला, आणि अर्ध्या मिनिटाने त्याच्या तोंडातून आधी एक तांबडी नांगी, मग काड्यांसारखे दोन डोळे बाहेर आले. शंखात बिऱ्हाड करून राहणारा तो खेकडा होता. या खेकड्याचे पोट मऊ, उघडे असते. वाढत्या अंगासाठी त्याला सतत मोठा रिकामा शंख शोधावा लागतो, म्हणून मेलेल्या जिवाचा रिकामा शंखसुद्धा किनाऱ्यावर कोणाचे तरी होणारे घर असते. अंदमानातून शंख-प्रवाळ नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते, हे मला माहीत होते. पण मला काही सांगावे लागले नाही. आईने तो वाळूवर होता तसा, तोंड खाली करून ठेवला.

तिसरा दिवस : तोंड पाण्यात घालणे

भरती दहाची होती. आम्ही साडेआठला किनाऱ्यावर होतो. गाइड म्हणून मिळालेला मुलगा याच बेटावर वाढलेला, पंचविशीतला बंगाली तरुण होता. तो मला दीदी म्हणत होता आणि आईला पहिल्या वाक्यापासून ‘माशीमा’ म्हणू लागला. बंगालीत माशीमा म्हणजे मावशी, हे कळल्यावर आईची अर्धी भीती तिथेच गेली. तो हिंदीत बोलत होता, आई मराठी-हिंदीच्या मिश्रणात उत्तरे देत होती, आणि दोघांचे छान चालले होते.

पहिला अर्धा तास तर पाण्यात जाणेच नव्हते. त्याने आईला वाळूवर बसवून मास्क लावला, पट्टा न ओढता तो नाकाने श्वास आत घेऊन चेहऱ्यावर चिकटतो का ते पाहिले. मास्क बरोबर बसला असेल तर हात सोडले तरी पडत नाही. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा राहिला. कपाळावरचा एक केस जरी रबराखाली आला तरी तिथून पाणी झिरपते, म्हणून त्याने आईचे केस घट्ट मागे बांधायला सांगितले. मग नळी दातांत धरून नुसते बसायचे आणि तोंडाने श्वास घ्यायचा. नाक मास्कच्या आत बंद झालेले असते, आणि आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला हेच सगळ्यात अवघड जाते. आईने जन्मभर प्राणायाम केला आहे, त्यामुळे संथ श्वास तिला शिकवावा लागला नाही, पण तो तोंडाने घ्यायचा हे मनाला पटवण्यात वेळ गेला. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, हे ऐकून तिने माझ्याकडे पाहिले. ‘उष्टे?’ ‘तुझेच आहे, आई,’ मी म्हटले, आणि तिने ते केले.

नंतर कंबरभर पाणी. तळाला पांढरी वाळू होती, दगड नव्हते. लाइफ जॅकेट घातलेले, गाइडने एक हात धरलेला, दुसरा मी धरलेला. ‘माशीमा, पाय टेकलेले राहू द्या, फक्त वाका आणि बघा.’ ती वाकली, चेहरा पाण्याला टेकला आणि झटक्यात वर आली. पुन्हा वाकली, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी नळीत पाणी गेले, ती खोकली आणि म्हणाली, ‘नको गं, पुरे.’ गाइडने घाई केली नाही. नळीत पाणी शिरले की ‘फू’ करून जोरात फुंकायचे, पाणी वरून उडून जाते, हे त्याने स्वतः पाच-सहा वेळा करून दाखवले. एखाद्या लहान मुलाने चूळ भरून उडवावी तसे ते दिसत होते. आई उभ्या उभ्या ते करू लागली, मग आपणहून वाकली, आणि या वेळी वर आली नाही.

मी तिच्या शेजारी पाण्यात पाहत होते. समोर वाळूवर हाताच्या बोटाएवढ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक लहानसा थवा होता. ते तिच्या पायांभोवती गोळा झाले होते, कारण तिच्या पावलांनी वाळू हलली की त्यातून त्यांना खायला मिळत होते. ती पावले हलवे, मासे पुढे येत. थांबवे, ते थबकत. तिच्या नळीतून येणारा श्वासाचा आवाज हळूहळू लांब आणि एकसारखा झाला. किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. वर आल्यावर मास्कच्या आत तिचे डोळे भरलेले होते, आणि ती म्हणाली, ‘अगं, ते बघतात आपल्याकडे.’

त्या दिवशी तिने पाय मात्र उचलले नाहीत. गाइडनेही आग्रह धरला नाही, आणि त्याचे हे शहाणपण मला फार मोलाचे वाटले.

दुपारी ओहोटी गाठून आम्ही लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला नैसर्गिक पूल पाहायला गेलो. प्रवाळाच्या जुन्या खडकाची लाटांनी कोरलेली ही कमान आहे, आणि तिथल्या बंगाली लोकांनी तिचे नाव प्रेमाने ‘हावडा ब्रिज’ ठेवले आहे. तिथवर खडकांतून चालत जावे लागते आणि ते फक्त ओहोटीलाच शक्य होते. चपला मजबूत हव्यात. वाटेतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, तारामासे, आणि ओठांना गर्द जांभळी-निळी किनार असलेला एक मोठा शिंपला पाहिला, जो आमची सावली पडताच मिटला. तिथे एका वाटाड्याने पर्यटकांच्या फोटोसाठी तारामासा पाण्याबाहेर काढून हातोहात फिरवला, आणि काही लोक उघड्या पडलेल्या जिवंत प्रवाळावर बूट घालून उभे होते. मला ते पाहवले नाही. मी बोलले. काहींनी ऐकले, काहींनी ऐकले नाही. दगड वाटतो म्हणून माणसे त्यावर उभी राहतात, हे मी समजू शकते. पण प्रवाळ हा दगड नव्हे. मोहरीपासून वाटाण्याएवढ्या असंख्य जिवांची ती वसाहत असते, प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि गोल घुमटासारखे जे प्रवाळ असतात ते वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मीटरभर रुंदीचा एक घुमट म्हणजे पन्नासेक वर्षांचे काम. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण दिलेले आहे.

आणि भरतपूरचे पाणी जे इतके निवांत असते, ते याच्यामुळेच. जेटीवरून दिसलेली फेसाची रेषा म्हणजे प्रवाळाच्या बांधाचा बाहेरचा काठ. खुल्या समुद्रातून येणारी लाट तिथे फुटते, आणि बांध ओलांडून आत येईपर्यंत तिची नव्वद टक्क्यांहून अधिक ताकद संपते, असे जगभरातल्या प्रवाळांच्या अभ्यासातून दिसलेले आहे. उरते ते आत येणारे, डुलणारे पाणी. आईला आदल्या दिवशी जी शांतता विचित्र वाटली होती, ती या बारीक जिवांनी बांधलेली होती. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे ते बाहेर मार खातात म्हणून आपण आत उभ्या.’

चौथा दिवस : काठापर्यंत

कागदावर भरती पावणेअकराची होती. सकाळी पुन्हा त्याच कंबरभर पाण्यात, पुन्हा तेच पट्टेरी मासे. आणि मग, कोणी काही न सांगता, आईने पाय उचलले. खाऱ्या पाण्यात माणूस गोड्या पाण्यापेक्षा सहज तरंगतो, त्यात लाइफ जॅकेट, त्यामुळे तिला काहीच करायचे नव्हते. तरी पहिल्या क्षणी तिची बोटे माझ्या मनगटात इतकी रुतली की संध्याकाळपर्यंत वळ होता. मग पकड सैल झाली. गाइडने एक हवेची रबरी कडी आणली होती. आईने दोन्ही हातांनी ती धरली, तो ती दोरीने ओढत पुढे पोहू लागला आणि मी बाजूने. असे आम्ही तिघे वाळू सोडून प्रवाळावर आलो.

पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा प्रवाळ पोटाला लागेल असे वाटते. गाइडने आधीच बजावले होते की उभे राहायचे नाही, पाय मारायचे नाहीत, काही झाले तर कडी धरून पालथे पडून राहायचे. खाली हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या होत्या, मेंदूसारख्या वळ्यांचे घुमट होते, आणि एका घुमटाच्या खोबणीत मऊ बोटांच्या झुडपात नारिंगी-पांढऱ्या विदूषक माशांची एक जोडी. ही झुडपे म्हणजे समुद्रफूल नावाचा प्राणी. त्याच्या बोटांना डंख असतो, पण या माशांच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्यांना तो होत नाही. त्यातला मोठा मासा, म्हणजे मादी, आमच्या दिशेने पुढे आला, थांबला, परत गेला, पुन्हा आला. एवढासा जीव घर राखत होता. आईने कडीवरचा एक हात सोडून त्याला नमस्कारासारखा हात केला.

मग एक आवाज ऐकू आला. करकर, करकर, कोणी खडीसाखर चावावी तसा. मी आजूबाजूला शोधले तर हातभर लांबीचा निळा-हिरवा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडत होता. शेवाळाबरोबर खडकाचाही चुरा त्याच्या पोटात जातो, दळला जातो आणि मागून बारीक पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर पडतो. आमच्या डोळ्यांसमोर त्याने तशी एक पांढरी रेघ पाण्यात सोडली. नील बेटाची ती पिठासारखी वाळू, जिच्यावर आम्ही चार दिवस बसलो होतो, तिचा काही भाग अशा चोचींतून आलेला आहे. तोच मासा शेवाळ खाऊन प्रवाळाला नवीन जागा मोकळी करून देतो, म्हणून तो जिथे जाळ्यात संपतो तिथे प्रवाळही मागे हटतो.

सगळेच जिवंत नव्हते, हेही लिहिले पाहिजे. मध्ये मध्ये राखाडी, शेवाळाने माखलेल्या, मोडक्या फांद्यांचे पट्टे होते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्यांच्यापासूनच त्याला रंग आणि बरेचसे अन्न मिळते. समुद्र काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद्या अंशाने जरी तापला तरी या वनस्पती बाहेर टाकल्या जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. ताप उतरला तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले. त्याआधी २००४ च्या भूकंपात उत्तरेकडचे काही किनारे वर उचलले गेले आणि तिथले प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर येऊन मेले, तर दक्षिणेकडची जमीन खाली बसली. गाइडने एका राखाडी फांदीकडे बोट केले आणि मग तिच्या बुडाशी असलेल्या नखाएवढ्या जांभळ्या ठिपक्याकडे. नवीन प्रवाळ बसत होता. त्या ठिपक्यापाशी आम्ही पोपटमाशापेक्षा जास्त वेळ थांबलो.

काठावर पोहोचलो तेव्हा तळ एकदम संपला. पायाखालचा रंगीत उतार निळ्यात उतरत गेला आणि त्यापुढे काहीच दिसेना. पाणी थोडे गार लागले, किंचित हेलावू लागले. गाइडने तिथूनच वळायचे असे आधी ठरवले होते, कारण बाहेर प्रवाह असतो. आईने मान वर काढून त्या निळ्याकडे पाहिले, पुन्हा चेहरा पाण्यात घातला, आणि तो कडी वळवू लागला तेव्हा हाताने ‘थांब’ अशी खूण केली. आम्ही थांबलो. बहुधा मिनिटभरच.

परतताना चूक माझी झाली. मी एकदा आणखी खाली बुडी मारली, पाणी उतरायला लागले आहे याकडे लक्ष राहिले नाही, आणि वर येताना गुडघा खडकाला घासला. जखम बोटभराचीच होती, पण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर ती चिघळते आणि भरायला आठवडे लागतात. गाइडने गोड्या पाण्याने ती बराच वेळ धुऊन, औषध लावून दिले. माझ्या गुडघ्यापेक्षा तिथल्या खडकाचे काय झाले असेल, हे मला जास्त लागून राहिले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. अंगभर, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर पाठ भाजत नाही आणि अंगाला उन्हापासून वाचवणारे रासायनिक मलम फासावे लागत नाही. त्यातले काही घटक प्रवाळाला घातक ठरल्याने हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीला बंदी आहे. मोटारबोटी आणि जेट स्की ज्या पट्ट्यात चालतात तिथून दूर उतरावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून खाडीच्या तोंडाशी किंवा खारफुटीजवळ पोहू नये आणि सूचनाफलक पाळावेत. काचेच्या तळाची बोट पाण्यात उतरता न येणाऱ्यांसाठी चांगली आहे, मात्र पाण्यात उतरता येत असेल तर तिच्यावर समाधान मानू नये.

पाचवा दिवस : सीतापूर आणि परतीची बोट

पहाटे पाचला रिक्षा करून सीतापूरला गेलो. बेटाचा हा पूर्वेचा किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे, आणि इथे लाटा होत्या, आवाज होता. पावणेसहाला सूर्य पाण्यातून वर आला. आई खडकावर बसून लाटा ऐकत होती. ‘हा आपल्यासारखा आहे,’ ती म्हणाली.

फेरी दुपारी एकची होती आणि भरती साडेअकराची, म्हणून साडेनऊला शेवटचे एकदा भरतपूरला उतरलो. पाणी चढत होते. या वेळी आईने माझा हात धरला नाही. किनाऱ्याला समांतर, छातीइतक्या पाण्यावर, लाइफ जॅकेटमध्ये पालथी, ती एकटी तरंगत होती आणि मी चार हातांवरून तिच्या नळीचे टोक पाहत होते. शहाळीवाल्या बाई किनाऱ्यावरून पाहत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी आईला शहाळे दिले आणि पैसे घेतले नाहीत. गाइड जेटीवर सोडायला आला, आईच्या पाया पडला. आईने त्याला सोबत आणलेला डिंकाच्या लाडवांचा उरलेला डबा दिला, डब्यासकट.

बोट सुटली तेव्हा भरतपूरचे पाणी पहिल्यांदा पाहिले तसेच रंगांच्या पट्ट्यांत पसरले होते. आई त्याच बाजूच्या कठड्याला उभी राहिली. कोणत्या पट्ट्याखाली काय आहे, ते ती बोट दाखवून शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीला सांगत होती : इथे वाळू, इथे पट्ट्यांचे मासे, तिथे घुमट, आणि त्या पांढऱ्या रेघेपाशी तळ संपतो. मुलीने विचारले, ‘आजी, तुम्ही गेला होतात तिथपर्यंत?’

‘गेले होते,’ आई म्हणाली. मग रेघ दिसेनाशी झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, बोटांवर मोजले आणि म्हणाली, ‘आज तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. रेवदंड्याला आत्ता पाणी भरत असेल.’